वाकताना नेमकं काय वाकतं?

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर मुंबई–दिल्ली महामार्गाला सुरत–धुळे रस्ता छेदतो. नंदुरबार, धुळे, जळगावकडचा माणूस सुरतेत येतो तो बहुधा याच रस्त्यानं, नाहीतर चलथाणवरून जाणाऱ्या ताप्ती लाइननं. इथल्या लूमच्या कारखान्यांत, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत, कापडाच्या ताक्यांच्या घड्या घालणाऱ्या खात्यांत तो बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो आणि काही वर्षांनी कंबर धरून दवाखान्यात येतो. ‘मनी कंबर दुखस’ एवढंच सांगतो. हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि तोंडी कुणीतरी सांगितलेलं वाक्य असतं: मणक्यात गॅप आहे.

पिशवीतली फिल्म जरूर पाहा. पण ती माणसाला उताणं झोपवून काढलेली असते. तुटलेला धागा जोडायला तो लूमवर कसा ओणवतो, जमिनीवरचा ताका कसा उचलतो, हे तिच्यात दिसत नाही. शिवाय मणक्यांमधल्या गादीची झीज आणि फुगवटा कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास सापडतो आणि वयाबरोबर वाढत जातो. म्हणून कंबर आणि पेल्विस (खुब्यांच्या वर हाताला लागणारा हाडांचा घेर) यांच्या हालचालीवर माणसाचा ताबा किती आहे, हे डोळ्यांनी तपासायला शिकलं पाहिजे. कारखान्यांच्या भागात नव्यानं काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांसाठी ती तपासणी इथे देते आहे. तिला यंत्र लागत नाही. वीस मिनिटं आणि थोडा धीर लागतो.

ही तपासणी म्हणजे सहा चाचण्या. त्यांचा संच हान्नू लुओमायोकी या स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फिनिश फिजिओथेरपिस्टानं सहकाऱ्यांसह मांडला. २००७ मध्ये त्यांनी ४० जणांकडून दहा चाचण्या करून घेतल्या, त्यांचे व्हिडिओ वेगवेगळ्या फिजिओथेरपिस्टांना दाखवले आणि कोणत्या चाचण्यांवर पाहणाऱ्यांचं मत जुळतं ते पाहून या सहा निवडल्या. २००८ मध्ये कंबरदुखीचे १०८ रुग्ण आणि कंबर न दुखणारे १०२ जण यांची तुलना केली. सहापैकी रुग्णांच्या सरासरी २.२१ चाचण्या चुकल्या, दुसऱ्या गटाच्या ०.७५. यातला दुसरा आकडा पहिल्याइतकाच लक्षात ठेवा. धडधाकट माणूसही एखादी चाचणी चुकतो. एका चुकीवरून कुणाच्या कमरेवर शिक्का मारू नका.

चाचणीच्या आधी

ही तपासणी ज्याच्यासाठी नाही तो माणूस आधी बाजूला काढायचा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी आणि जांघांत बधिरपणा, पायांतली ताकद झपाट्यानं कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर पुढची एकही हालचाल करून घेऊ नका. त्याच दिवशी, मिळेल त्या वाहनानं, सुरतेच्या नव्या सिव्हिलला पाठवा. उद्यावर टाकायची ही गोष्ट नाही.

संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम, झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्या. एका खोलीत सहा-आठ जण पाळीपाळीनं झोपतात, अशा वस्तीत ही शंका कायम मनात हवी. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, उतारवयात पडणं, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं असणं, हेही विचारा. पंचविशीतला मुलगा सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेला असतो, हालचालीनं मोकळा होतो आणि विश्रांतीनं उलट जास्त दुखतं असं म्हणतो, तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे धाडा. मिलच्या गरम खात्यांतला माणूस दिवसभर घाम गाळतो आणि पाणी कमी पितो. त्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरत असेल, कुठल्याही कुशीवर चैन पडत नसेल, तर ती मुतखड्याची असू शकते.

मग नसा तपासा. टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार पावलं चालायला लावा. उताणं झोपवून एकेक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचला. गुडघ्याखाली, पोटरीत किंवा पावलात ओळखीची कळ उतरली, किंवा एका पायाचा चवडा उचलला जात नसेल, तर आधी नसेचा विचार करायचा. ताब्याची तपासणी नंतर.

जागा, कपडे, टिकल्या

कंबर दिसल्याशिवाय ही तपासणी होत नाही. पुरुषांना शर्ट काढायला सांगा आणि पॅन्ट थोडी खाली सरकवायला सांगा. बायकांसाठी पडदा, सोबत एक बाई आणि दवाखान्यातली स्वच्छ सलवार तयार ठेवा. साड्यांचे धागे कापणं, लेस आणि खडे चिकटवणं ही कामं घरी फरशीवर बसून करणाऱ्या बायका इथे पुष्कळ आहेत. त्यांना कंबर उघडी करायला सांगण्याआधी काय पाहणार आहोत ते समजावून सांगा आणि होकार मिळाल्यावरच पुढे जा. साडी नेसलेल्या बाईची कंबर वरवर पाहून ‘ठीक आहे’ असं लिहिणं म्हणजे तपासणी न करणंच.

पाठीच्या खालच्या बाजूला दोन खळ्या दिसतात. त्यांच्या मधोमध, मणक्याच्या रेषेवर, एक टिकली लावा. तिच्यापासून बरोबर १० सेंमी वर दुसरी. कपाळाला लावायच्या साध्या मखमली टिकल्या चालतात, त्वचेवर बसतात आणि निघतातही. या दोन टिकल्यांमधलं अंतर वाढलं की कंबर पुढे वाकली, घटलं की मागे गेली. तुमच्या अंदाजापेक्षा टेपवर विश्वास ठेवा.

आणखी एक नियम. पहिल्या फेरीत सांगा आणि पाहा. चुकलं तर स्वतः करून दाखवा, हात लावून दिशा द्या आणि पुन्हा करायला सांगा. समजावल्यावर जमलं, तर ती चाचणी बरोबर धरायची. सूचना न कळणं आणि शरीराला न जमणं यांत फरक आहे. नीट सांगूनही चूक स्पष्ट दिसत राहिली, तरच ‘चुकली’ असं लिहायचं. म्हणून सूचना त्याच्या भाषेत द्या, शक्यतो अहिराणीत. मोठ्या माणसाला आप्पा किंवा नाना म्हणा, तरण्याला भाऊ. परकेपणानं ताठरलेल्या माणसाची हालचाल तुम्हाला खरी दिसणार नाही.

खुब्यातून वाकणं

ही पहिली चाचणी. सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण कारखान्यातलं निम्मं काम याच हालचालीत आहे.

माणूस ताठ उभा, पावलं खांद्यांइतकी फाकलेली, गुडघे किंचित सैल. सूचना अशी: ‘भाऊ, कंबर आहे तशी ठेवा. फक्त बसायचा भाग मागे न्या आणि छाती पुढे येऊ द्या.’ ‘वाका’ म्हणू नका. ‘वाका’ म्हटलं की माणूस जन्मभर जसा वाकत आला तसाच वाकतो, म्हणजे पाठ गोल करून. तुम्ही बाजूला उभे राहा, डोळे त्याच्या कमरेच्या उंचीवर येतील इतके खाली बसा. वरून पाहिलं तर काही कळत नाही.

बरोबर हालचालीत खुबे ५० ते ७० अंशांपर्यंत दुमडतात आणि कमरेचं खोलगट वळण होतं तसंच राहतं. दोन टिकल्यांमधलं अंतर १० सेंमीच्या आसपास टिकतं. चूक असते तेव्हा खुबे जेमतेम दुमडायला लागलेले असतात, पेल्विस जागच्या जागी असतं आणि वरची टिकली खालचीपासून दूर जायला लागते. टेप धरलेला असेल तर ११, ११.५, १२ असं वाचता येतं. कमरेतले मणक्यांचे उंचवटे एकामागून एक त्वचेखाली उभे राहतात. हे सगळं पहिल्या वीस-तीस अंशांतच घडतं. त्या क्षणी थांबवा आणि विचारा: ‘आता कंबर सरळ आहे की गोल झाली?’ पुष्कळ जण छातीठोकपणे ‘सरळ’ म्हणतात. ते उत्तर लिहून ठेवा, कारण माणसाला स्वतःच्या कमरेचा पत्ता नसणं हीच उपचाराची सुरुवात असते.

दुसऱ्या फेरीसाठी हातात एक लांब काठी द्या, डोक्याच्या मागे, दोन खांद्यांमध्ये आणि माकडहाडावर टेकेल अशी पाठीला धरायला सांगा. वाकताना तिन्ही जागी काठी टेकलेली राहिली पाहिजे. बऱ्याच जणांना इथे एकदम उमगतं. काठी लावूनही कंबर निसटत असेल, तर चाचणी चुकली.

मांडीच्या मागचे स्नायू फार आखडलेले असतील तर खुबा लवकर अडतो आणि उरलेलं वाकणं कंबर करते. म्हणून गुडघे आणखी सैल करून एकदा पाहा. तसं केल्यावर कंबर स्थिर राहिली तर दोष मांडीचा, ताब्याचा नव्हे.

बाकीच्या पाच

दुसरी चाचणी उभ्यानंच. ‘ओटीपोट वर ओढा, बसायचा भाग आत घ्या.’ पेल्विस मागच्या बाजूला कललं पाहिजे, कमरेचा खोलगटपणा सपाट झाला पाहिजे आणि छाती-पाठ शांत राहिली पाहिजे. चुकणारा माणूस गुडघे वाकवतो, खांदे पुढे टाकतो, नाहीतर उलट कंबर आणखी आत घालतो. दिवसभर उभं राहून घड्या घालणाऱ्यांकडून ही नीट करून घ्या.

तिसरी एका पायावर उभं राहायची. दोन्ही खुब्यांच्या बाहेरच्या हाडांमधलं अंतर मोजा आणि त्याच्या एक तृतीयांश अंतरावर पावलं ठेवायला लावा. अंतर ३३ सेंमी असेल तर पावलांमध्ये ११. नाभीसमोर आडवी मोजपट्टी धरा, अंगाला लागू देऊ नका. पट्टी हलू नये म्हणून तुमचं कोपर भिंतीला टेकवा. एक पाय उचलताना नाभी किती सरकली ते वाचा, मग दुसऱ्या पायावर तेच. नाभी १० सेंमीपेक्षा जास्त सरकली, किंवा डाव्या-उजव्यात २ सेंमीहून अधिक फरक आला, तर चुकली. ताक्यांचे गठ्ठे कायम एकाच खांद्यावर वाहणाऱ्यांत फरक शोधाच.

चौथीसाठी टेबलाच्या कडेवर बसवा, पावलं जमिनीला न टेकता. कंबर सहज सरळ. एक गुडघा हळूहळू सरळ करायचा, कंबर न हलवता. ३० ते ५० अंश जमलं तर ठीक. त्याआधीच कंबर मागे गोल होऊन बसली तर चूक. पोटरीत झिणझिण्या आल्या तर मान पुढे झुकवून आणि मग वर करून पाहा. मान वर केल्यावर झिणझिण्या कमी झाल्या, तर नसेवर ताण येतो आहे, नसेची तपासणी पुन्हा करा.

पाचवी हातापायांवर ओणवं होऊन. हात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली, खुबे ९० अंशांत. बसायचा भाग टाचांकडे न्यायचा. खुबे १२० अंशांपर्यंत दुमडेतो कंबर तशीच राहावी. मग पुढे यायचं, खुबे ६० अंशांवर येईतो, आणि कंबर खाली झोकू द्यायची नाही. दोन्ही दिशांची नोंद वेगळी करा, कारण मागे जाताना चुकणारा आणि पुढे येताना चुकणारा हे दोन निराळे रुग्ण आहेत. गुडघे दुखत असतील तर ही चाचणी सोडून द्या, ओढूनताणून करून घेऊ नका.

सहावी पालथं झोपून. मध्ये झोळ पडलेली खाट नको, फरशीवर सतरंजी बरी. एक गुडघा ९० अंशांपर्यंत दुमडायचा. तुमचा तळवा त्याच्या कमरेवर अलगद ठेवा. पेल्विस उचललं जाणं, एका बाजूला फिरणं, कंबर आत जाणं हे डोळ्यांआधी हाताला कळतं.

चुकांची जुळणी

किती चुकल्या यापेक्षा कोणत्या दिशेला चुकल्या ते पाहा. पहिली, चौथी आणि पाचवीतलं मागे जाणं चुकलं, तर पुढे वाकण्यावरचा ताबा कमी आहे. दुसरी, सहावी आणि पाचवीतलं पुढे येणं चुकलं, तर मागे वळण्यावरचा. तिसरी चुकली किंवा सहावीत पेल्विस फिरलं, तर बाजूचा आणि पिळण्याचा.

ही दिशा आता दुखण्याशी ताडून बघा. लूमवर ओणवून, स्टुलावर बसून, मोटारसायकलवरून दुखतं आणि चुकाही पुढे वाकण्याच्या, तर दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. उभं राहून दुखतं पण चुका वाकण्याच्या, तर त्या चुकांना फार वजन देऊ नका.

इथे एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियाचे पीटर ओसुलिव्हन यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात दोन प्रकारची माणसं वेगळी काढली. एकाला कळतच नाही की आपण पुन्हापुन्हा दुखऱ्या दिशेला जातो आहोत. दुसरा दुखण्याच्या भीतीनं कंबर हलवतच नाही. हा दुसरा माणूस कडोदऱ्यात रोज भेटतो. वर्षानुवर्षं पट्टा बांधलेला, उठताना श्वास रोखणारा, बूट काढतानाही पाठ फळीसारखी ठेवणारा. त्याच्या सहाही चाचण्या कदाचित बरोबर येतील, कारण त्याची कंबर हलतच नाही. त्याला ‘कंबर सरळ ठेवा’ असं शिकवलंत तर त्याचं दुखणं तुम्ही वाढवाल. त्याला श्वास सोडत मोकळेपणानं वाकायला, पट्टा हळूहळू सोडायला शिकवायचं. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर, त्याला न सांगता, तो चप्पल कशी घालतो आणि पिशवी कशी उचलतो ते बघून ठेवा.

त्याला काय सांगायचं

‘तुमची कंबर कमजोर आहे’ हे वाक्य वापरू नका. सांगायचं ते असं: ‘वाकताना खुब्यानं जे काम करायचं, ते सध्या कंबर करते आहे. ही सवय आहे, सवय बदलता येते.’ टिकल्यांमधलं अंतर दाखवा. त्याच्याच मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ काढून द्या. गॅपच्या भीतीनं कामाचे खाडे करणाऱ्याला स्वतःची हालचाल दिसली की विचारायला प्रश्न सापडतात.

चुकलेली चाचणी हाच व्यायाम. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त देऊ नका, बारा तासांच्या पाळीनंतर माणूस सहा व्यायाम करत नाही. खुब्यातून वाकणं चुकलं असेल तर काठी धरून थोडे फेरे घरी आणि मग तीच हालचाल कारखान्यात: ताका उचलायच्या आधी एक पाऊल जवळ जायचं, बसायचा भाग मागे न्यायचा, ताका अंगाशी घ्यायचा. घरी खडे चिकटवणाऱ्या बाईसाठी एक घट्ट उशी किंवा पाट बसायला, काम मांडीऐवजी चौरंगावर, आणि अधूनमधून उठून दोन खोल्या फिरणं.

या व्यायामांबद्दल वाजवीपेक्षा जास्त बोलू नका. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात जुन्या कंबरदुखीसाठी ताब्याचे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाहीत. रोज चालणं आवडणाऱ्या माणसाला चालणं द्या आणि एक ताब्याचा व्यायाम जोडा. चाचणीचा खरा उपयोग, कोणाला काय आधी शिकवायचं ते ठरवायला.

नोंद आणि पुन्हा तपासणी

कागदावर सहा ओळी पुरतात: चाचणीचं नाव, पहिल्या फेरीत काय झालं, समजावल्यावर काय झालं, चुकीची दिशा, दुखलं का, आणि मोजमाप असेल तर सेंटिमीटर. कामाचं नाव शेजारी लिहा, फक्त ‘मजूर’ नको: लूम कारीगर, घडी, बीम वाहणारा, ट्रॉली ढकलणारा. पुढच्या वेळी टिकल्या त्याच जागी लावा, पाळीची तीच वेळ निवडा. रात्रपाळी करून थेट आलेल्या माणसाची तुलना सुट्टीच्या दिवशीच्या त्याच माणसाशी करू नका.

चार ते सहा आठवड्यांनी फक्त चुकलेल्या चाचण्या पुन्हा घ्या. चाचणी सुधारली आणि दुखणंही उतरलं, तर व्यायाम कमी करून कामाकडे लक्ष द्या. चाचणी सुधारली पण दुखणं तसंच, तर ताबा हा त्याचा प्रश्न नव्हता. झोप, पाळीचे तास, कर्जाची काळजी, गावाकडे एकटं सोडलेलं कुटुंब याबद्दल बसून विचारा, आणि धोक्याच्या खुणांची यादी पहिल्यापासून पुन्हा तपासा. दुखणं वाढत असेल, किंवा पायात नवा अशक्तपणा दिसला, तर व्यायाम थांबवून त्याला सगळ्या नोंदींसह डॉक्टरांकडे पाठवा. चिठ्ठीत ‘कंबरदुखी’ एवढंच न लिहिता काय तपासलं आणि काय बदललं तेही लिहा.